मागून आलेली धडक

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता पिरनवाडीवरून जातो. सायकलस्वार, ट्रॅक्टर, मालट्रक आणि भरधाव मोटार या सर्वांना तो एकच रस्ता पुरवून घ्यावा लागतो. पुढचे वाहन अकस्मात थांबले आणि मागचे त्यावर जाऊन आदळले, ही अशा रस्त्यावरची काही नवलाची गोष्ट नव्हे. धडक क्षणाची असते. परंतु तिच्यापाठोपाठ येणारा प्रश्न वर्षानुवर्षे चालतो. ज्याचे हाड मोडले, ज्याची मान कायमची आखडली, त्याचे नुकसान कोणी भरून द्यावे, आणि ते मागण्यासाठी त्याने कोणाच्या दारी जावे?

या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास मोटारीहून जुना आहे. दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू पावलेल्या माणसाच्या बायकामुलांना भरपाई मागता यावी, असा कायदा हिंदुस्थानात १८५५ सालीच झाला. जो मेला नाही, केवळ जायबंदी झाला, त्याला मात्र दिवाणी न्यायालयात सामान्य दावा लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९३९ साली मोटार वाहनांचा नवा कायदा आला. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले, तेव्हा कोठे हुकूमनाम्याला वजन प्राप्त झाले. तोपर्यंत ड्रायव्हर कफल्लक आणि मालक बेपत्ता असला, म्हणजे जिंकलेला दावा हा निव्वळ कागद ठरे. विमा आला, तरी दिवाणी दाव्याची वाट बिकटच राहिली. मागणीच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागत असे. म्हणजे दुखापत जितकी मोठी, तितका मुद्रांक महाग! हा न्याय कोणत्या मापाने मोजावा?

१९५६ हे साल सीमाभागाच्या स्मरणात एका वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडण्यात आला. त्याच वर्षी संसदेने मोटार कायद्यात दुरुस्ती करून अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली, आणि ती १६ फेब्रुवारी १९५७ पासून अंमलात आली. कोर्ट फीचा भार हलका झाला, कामाची पद्धत आटोपशीर झाली. तथापि अर्ज करण्याची मुदत होती अवघी साठ दिवसांची. ज्याचा पाय दोन महिने प्लास्टरमध्ये आहे, त्याने साठ दिवसांत वकील कसा गाठावा, याचा विचार कायदा करणारांस फार उशिरा सुचला. १९६९ च्या दुरुस्तीने ती मुदत सहा महिन्यांची झाली. शिवाय अपिलाचे दार आता मुंबईस नव्हते. ते बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर, बंगळुरास होते. उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ धारवाडला बसू लागले ते २००८ च्या जुलैमध्ये. एका पिढीचे दावे तोवर त्या लांबच्या वाटेनेच गेले.

सीमेवरच्या माणसाला आणखी एक अडचण होती. जेथे अपघात घडला, त्याच क्षेत्राच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा, असा नियम होता. निपाणीचा मनुष्य पलीकडे कागलच्या हद्दीत जखमी झाला, तर त्याने तारखांसाठी दुसऱ्या राज्यात खेपा घालाव्यात. आणि निपाणीच्या हद्दीत जखमी झालेल्या कागलच्या माणसाने उलट दिशेने. कुबड्या घेऊन सीमा ओलांडण्याचा हा प्रकार १९९४ च्या दुरुस्तीने थांबला. दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथेही अर्ज करण्याची मुभा त्या दुरुस्तीने दिली. वर्तमानपत्रांनी बहुधा दोन ओळींत आटोपावी अशी ही दुरुस्ती. पण नकाशावरच्या रेषेने जे अवघड केले होते, ते तिने पुष्कळच सोपे केले.

आता दोषाचा प्रश्न. मागून धडक बसली म्हणजे मागच्याचीच चूक, असा लोकांचा समज असतो आणि तो बव्हंशी बरोबरही आहे. पुढचे वाहन एकाएकी थांबले तरी टक्कर होऊ नये इतके अंतर मागच्याने राखले पाहिजे, असे १९८९ च्या रस्ता-नियमांनीच सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात याच नियमाचा आधार घेतला. ट्रकच्या मागे अवघ्या दहा-पंधरा फुटांवरून मोटार चालवणाराच निष्काळजी होता, असा निर्णय तेथे झाला. परंतु समज म्हणजे सिद्धान्त नव्हे. कोइमतूरजवळ २०१७ साली महामार्गावर एका मोटारचालकाने इशारा न देता गाडी थांबवली. मागून येणारा मोटारसायकलवरील विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला, आणि पाठीमागच्या बसखाली त्याचा पाय गेला. पत्नीला मळमळू लागल्याने थांबलो, असे मोटारचालकाचे म्हणणे होते. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषाची वाटणी केली: मोटारचालकाचा निम्मा, बसचालकाचा तीस टक्के आणि त्या विद्यार्थ्याचा वीस टक्के. भरपाईतून वीस टक्के वजा झाले. पुढे असणारा सर्वस्वी निर्दोष मात्र ठरला नाही.

दोष ठरला तरी दुखापतीचे मोल उरतेच. डॉक्टरच्या दाखल्यावरील टक्का आणि कमाईतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते. सरकारी कारकुनाची तितकी बुडत नाही, असे उदाहरण त्या निकालात आहे. निपाणीकडे हे उदाहरण सहज समजेल. मागच्या धडकेने मानेला बसलेला झटका कित्येकदा क्ष-किरणाच्या चित्रात दिसतही नाही. परंतु मान खाली घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे पोट त्याच मानेवर असते. दाखल्यावर तिचा टक्का लहान लिहिला जाईल. न्यायाधिकरणापुढे मात्र तिने दिवसाला किती विड्या वळत होती आणि आता किती वळते, हेच सांगितले पाहिजे.

१९९४ मध्ये मुदतीची अट काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली, आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मर्यादा कायद्यात परत आली. त्याच दुरुस्तीने पोलिसांवरही एक काम सोपवले आहे. अपघाताचा अहवाल त्यांनी तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा असतो, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. पिरनवाडीच्या रस्त्यावर जखमी झालेल्याच्या घरच्यांनी पोलीस ठाण्यात पहिली चौकशी करावयाची ती याच अहवालाची.