प्रथम खबर अहवालातील नाव

दखलपात्र गुन्ह्याची पोलीस ठाण्यात नोंदवलेली पहिली माहिती म्हणजे प्रथम खबर अहवाल (एफआयआर). पूर्वी ही नोंद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १५४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते. अहवालात कोणाचे नाव येणे म्हणजे फिर्यादीने ते सांगितले, एवढेच. त्या क्षणी तपास सुरूही झालेला नसतो. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवले. म्हणजे नोंद हा पोलिसांचा निष्कर्ष नव्हे, कर्तव्य आहे. उलट, अहवालात नाव नसलेली व्यक्तीही तपासाअंती आरोपी ठरू शकते.

अहवाल हा स्वतंत्र पुरावा नसतो. फिर्यादीच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखवण्यासाठीच तो वापरला जातो. तपासात पुरावा न मिळाल्यास दोषारोपपत्र दाखल होत नाही. महाराष्ट्रात अशी प्रकरणे ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरीने बंद करण्यात येतात. यांपैकी ‘ब’ समरी जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीसाठी असते. दोषारोपपत्रानंतरही आरोपी दोषमुक्त होऊ शकतो, आणि खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, हे अहवाल सर्वसाधारणपणे २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. आरोपीला आपल्यावरील आरोप लवकर कळावा, हा त्यामागचा रास्त हेतू. मात्र ‘गुन्हा दाखल’ ही बातमी ठळक छापणाऱ्या वृत्तपत्राने सुटकेची बातमीही तेवढीच ठळक छापायला हवी.