माझगाव, शके १७८६

डोक्याला काहीतरी बांधून घ्या. उघड्या डोक्याने बंदरावर गेलात तर लोक वळून पाहतील, आणि तुम्हाला आज कुणाच्या नजरेत भरायचं नाही. मनगटावरचं घड्याळ खिशात टाका. भाषेची चिंता नको. तुमचं मराठी थोडं चमत्कारिक वाटलं तरी या शहरात चमत्कारिक मराठी बोलणाऱ्यांची कमी नाही. फेब्रुवारीत झालेल्या शिरगणतीत मुंबईची माणसं ८,१६,५६२ भरली आणि त्यातली बरीचशी कालपरवा आलेली आहेत.

एप्रिल १८६४. रामनवमी कालच झाली. सूर्य खाडीपलीकडून वर येतोय आणि तुम्ही माझगावच्या बंदरावर चिखलात उभे आहात. ओळखीचं काही शोधू नका. तुमच्या वेळच्या गोदीच्या उंच भिंती नाहीत, क्रेन नाहीत, पूर्व मुक्तमार्ग नाही. पाणी बरंच आत येतं. मागे टेकडी, वाड्या, ताडमाड आणि आंब्याची झाडं आहेत. याच आंब्याचं नाव थॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ साली 'लाला रूख'मध्ये घेतलं. फळ अजून पाडाला आलेलं नाही, वाट पाहण्यात वेळ घालवू नका.

आधी वास येतो तो सुक्या मासळीचा, मग राळेचा, मग दगडी कोळशाचा. समोर एक फत्तेमारी कलती करून ठेवली आहे. दोघं जण तिच्या फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस लाकडी हातोडीने ठासताहेत. ठोक, ठोक, मग बोटाने चाचपणी, पुन्हा ठोक. एक फट पुरी झाली की तिच्यावर गरम राळ फिरते. कापसाचा हा बोळा नीट पाहून ठेवा. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण एकमेकांशी लढताहेत, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळत नाही, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याचे किस्से शहरात फिरताहेत. अशा दिवसांत गलबताच्या फटीत कापूस ठासणं ही चैनच.

पलीकडे पी. अँड ओ. कंपनीचं आवार आहे. विलायतेची डाक सुएझहून मुंबईला आणणाऱ्या आगबोटींची ही कंपनी. माझगावला गोदी आहे ती १७७४ पासून, पण लाकडी जहाजांच्या काळातली. आता आगबोटींचा जमाना आला आहे, म्हणून सुताराच्या शेजारी लोहार, लोहाराच्या शेजारी बॉयलर ठोकणारा. कोळसा केप ऑफ गुड होपला वळसा घालून विलायतेहून येतो आणि इथे टोपल्यांतून डोक्यावरून उतरतो. बायका रांगेने फळीवरून ये-जा करताहेत.

एका टंडेलाशी बोला. रत्नागिरीकडचा आहे, बोटीला कान लावून बसल्यासारखा बसलाय.

"ती आगबोट गोदीत कधी घेणार?"

"आज कंची तीथ?"

"दशमी."

"मग भांग हाय. आज काय यायची नाय. पुनवेच्या उधाणाला बघा."

यापेक्षा जास्त तो बोलणार नाही, पण त्याने या सहलीची किल्ली तुमच्या हातात दिली आहे. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती आळशी असते, त्याला दर्यावर्दी भांग म्हणतात. पुनवेला नि अवसेला उधाण येतं, पाणी चौदा-पंधरा फुटांच्या घरात चढतं, आणि जड जहाज गोदीच्या दारातून आत घ्यायचं तर तेव्हाच. ज्येष्ठात समुद्र बंद होतो, नारळी पौर्णिमेला उघडतो. विम्याचा दर, मालाची खोळंबलेली हुंडी, खलाशाचा पगार, सगळं तिथीवर टांगलेलं. भटजींना पंचांग लागतं ते मुहूर्ताला. बंदराला रोज लागतं.

मुंबईत छपाईचा धंदा कसा उभा राहिला हे विचारलं की शाळेतलं उत्तर तयार असतं. मिशनरी आले, मग बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, ज्ञानाचा प्रसार झाला. खोटं काहीच नाही. पण शहरातल्या छापील गोष्टी क्रमाने मांडून पाहा. रुस्तमजी केरसास्पजी या पारशी गृहस्थाने १७८० मध्ये छापलं ते इंग्रजी कॅलेंडर. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये गुजराती छापखाना काढला आणि १८१४ मध्ये त्यातून निघालं ते पंचांग. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर छापलं ते मराठी पंचांग. ज्ञान नंतर आलं, आधी तारीख विकली गेली. पोथी एकदा घेतली की तीन पिढ्या पुरते, पंचांग दर पाडव्याला जुनं होतं. धंदा उभा करायचा तर असाच माल हवा.

आता बंदर सोडा. भायखळ्याच्या दिशेने चालायला लागा. बैलगाड्यांतून वाट काढावी लागेल. डावी-उजवीकडे बागा असलेले बंगले दिसतात. कोटातल्या गर्दीला कंटाळून श्रीमंतांनी इथे घरं बांधली. सर जमशेटजी जीजीभॉय यांचा माझगाव कॅसल याच भागात आहे. जमशेटजी पाच वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या नावाचं इस्पितळ १८४५ पासून भायखळ्यात चालू आहे. मध्येच शिट्टी ऐकू येईल. ती जी.आय.पी. रेल्वेची. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावू लागून अकरा वर्षं झाली, तरी गाडी आली की कुंपणापाशी माणसं अजून थांबतात.

भायखळ्यात बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळा आहेत आणि त्याच संस्थेचा छापखाना. आत जा. कुणी अडवलं तर सांगा, पावतीपुस्तकं छापून हवीत. खरं गिऱ्हाईक पावतीपुस्तकवालंच असतं.

डोळे अंधाराला सरावायला क्षणभर लागेल. लांब मेजांवर तिरप्या लाकडी केशी मांडल्या आहेत, प्रत्येकीत खण, खणांत शिशाचे खिळे. एक कंपोझिटर उभ्यानेच काम करतोय. बसून हे काम होत नाही. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवरून फिरतो. डोळे मूळ प्रतीवर आहेत, हाताकडे बघत नाही. अक्षरं त्याच्या समोर उलटी जुळताहेत आणि तो ती सरळ असल्यासारखी वाचतो आहे. इंग्रजीचं काम दीडशेच्या आसपास खणांत भागतं. शेजारच्या मराठी केशीकडे पाहा, ती संपतच नाही. अर्धा क, पाऊण क्ष, रफार, उकार, वेलांटी, आणि जोडाक्षरांची वेगळी फौज. वेलांटीचा खिळा अक्षराच्या डोक्यावर झुकलेला असतो, त्याची शिशाची नाजूक चोच फरम्यात मोडली की छापताना 'की'चा 'का' होतो. मग मुद्रितं तपासणारा ओरडतो आणि कंपोझिटर चिमटा घेऊन तो एकच खिळा उपसून काढतो.

"मराठीला जास्त मजुरी मिळते का?" विचारा.

तो हसतो. "राव, जास्त मिळतात त्या शिव्या."

पलीकडे हातप्रेस आहे. कागद रात्रीच ओलसर करून ठेवलेला, कोरड्या कागदावर शाई नीट बसत नाही. एकजण रुळाने शाई फिरवतो, दुसरा कागद लावून दांडा खेचतो. जोडी चांगली असली तर तासाला दोन-अडीचशे ताव निघतात. छापलेले ताव वर दोरीवर वाळत पडतात. याच छापखान्यात सात वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापली गेली. सुमारे साठ हजार शब्द, दोन लिप्या एकाच ओळीत. तुमच्या काळी तो कोश कुठल्याही फोनवर उघडतो. इथे त्यातला एकेक शब्द कुणीतरी खण चाचपून उभा केला आहे, आणि त्या माणसांपैकी एकाचंही नाव मुखपृष्ठावर नाही.

खिळे कुठून आले, याची गोष्ट अमेरिकेपर्यंत जाते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८१७ मध्ये त्यांच्या मिशनने नागरीत छपाई सुरू केली. सुरुवातीचे खिळे बंगालमधून आणावे लागले. मग मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम या कारागिराने इथेच पोलादी ठसे कोरून मराठीला घाटदार वळण दिलं. हे मिशन बोस्टनचं, आणि त्याच बोस्टनकडून या शहरात कितीतरी वर्षं जहाजांतून बर्फही येत आला आहे, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. धर्म, बर्फ आणि अक्षर, तिन्ही एकाच वाटेने आले. बर्फ वितळला, धर्म थोड्यांनी घेतला, अक्षर मात्र इथल्या कारागिरांनी उचललं.

गणपत कृष्णाजी त्यांतले पहिले. जातीने भंडारी. मिशनच्या छापखान्यात काम पाहिलं, घरी येऊन लाकडाचं यंत्र स्वतः बनवलं, दगड मिळवला, शाई करून पाहिली. पुढे खिळ्यांचीही छपाई सुरू केली. अडचण आली ती शाईची. तिच्यात चरबी असते, मग पोथीला हात कसा लावायचा, असा कर्मठांचा सवाल होता. गणपत कृष्णाजींनी वाद घातला नाही. धर्मग्रंथांसाठी तुपातली शाई केली. गिऱ्हाईकाच्या मनातली शंका मालातच मिटवायची, हे त्यांना कुणी शिकवलं नसणार. चार वर्षांपूर्वी, १८६० मध्ये ते गेले. छापखाना चालू आहे.

दुपार कलली. आता भेंडीबाजारातून कोटाकडे निघा. रस्त्यात अजून गॅसचे दिवे नाहीत, ते पुढच्या वर्षी लागतील. हातातल्या पुडीचा कागद उलगडून पाहा, एखाद्या वर्तमानपत्राचं पान असेल. शहरात आता पत्रांना तोटा नाही. 'मुंबई समाचार' १ जुलै १८२२ पासून आहे, 'इंदुप्रकाश' दोन वर्षांपूर्वी निघाला, रॉबर्ट नाइटच्या पत्राने १८६१ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' हे नाव घेतलं. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' गेल्याच वर्षी बाहेर आलं, मिळालं तर घ्या, वाटाड्याचं काम करील. पण पत्राचं पान आधी कुठे उघडलं जातं ते पाहा. कुठलं जहाज आलं, कुठलं गेलं, लिव्हरपूलला कापूस काय भाव. लंडनपर्यंत तार १८६५ मध्ये जोडली जाईल. तोवर तिकडचा भाव आगबोटीतून येतो, तीन-चार आठवडे शिळा, आणि त्या शिळ्या भावावर इथे ताजे व्यवहार होतात. अग्रलेख वाचणारे असतील, पत्र चालतं ते मात्र जहाजांच्या यादीवर आणि जाहिरातींवर.

कोटाची तटबंदी पाडण्याचं काम चालू आहे. धूळ उडते आहे. टाउन हॉलच्या समोर झाडांखाली माणसांचा घोळका दिसला तर तो शेअरवाल्यांचा. प्रेमचंद रायचंद यांचं नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्यांचा सुकाळ आहे, बॅक बे, मोदी बे, आणि हो, तुम्ही सकाळी ज्या चिखलात उभे होतात त्या माझगावचीसुद्धा. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर लवकरच पन्नास हजारांच्या घरात जाईल. तुमच्या शेजारी उभा असलेला कारकून पगार उचलून आला आहे. त्याचा हात थरथरतोय.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपेल, कापूस कोसळेल, आणि १ जुलै १८६५ या दिवशी वायद्यांची मुदत भरेल तेव्हा शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या बसतील. हे त्या कारकुनाला सांगून उपयोग नाही. वेडे ठराल.

त्यापेक्षा परत फिरायच्या आधी एका तरुणाकडे जा. वय पंचवीस. नाव जावजी दादाजी. बाप लवकर गेला, दहाव्या वर्षी तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागला. नंतर 'टाइम्स'मध्ये, 'इंदुप्रकाश'मध्ये कामं केली. शिक्षण जेमतेम. या वर्षी त्याने स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आहे. सोबत राणोजी रावजी आरू, ठसे कोरण्यात तरबेज. दोघांच्या समोर पोलादाचा एक बोटभर तुकडा, कानस, आणि एक अक्षर. अक्षर उलटं कोरायचं, तांब्यात ठोकायचं, तांब्याच्या साच्यात शिसं ओतायचं. हात भाजतो, धूर नाकात जातो. शेअरच्या गप्पा यांच्याही कानावर आल्या असतील, पण मान वर होत नाही.

पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, जावजी स्वतःचं पंचांग काढतील, निर्णयसागर नावाचं, आणि त्याच नावाचा छापखाना. पहिला माल पुन्हा तोच, तारीख. पंचांगाच्या पैशावर पुढे संस्कृत काव्य-शास्त्रांच्या इतक्या नीटस आवृत्त्या निघतील की युरोपातले पंडित त्या मागवतील. 'काव्यमाला' ही त्यांची संस्कृत ग्रंथमाला पंचांगाच्या खांद्यावर उभी राहील. आणि १९७३ मध्ये याच शहरात जयंत साळगावकर 'कालनिर्णय' छापतील तेव्हा तो धंदा नवा म्हणता येणार नाही, जवळजवळ दोनशे वर्षांचा असेल.

खिशात या काळातले शंभर रुपये उरलेच असतील तर झाडाखालच्या घोळक्याकडे वळू नका. माझगावचा समुद्र हटायला अजून अवकाश आहे आणि तो हटवणाऱ्या कंपन्यांचे कागद वर्षभरात रद्दी होतील. पैसे त्या कानस चालवणाऱ्या पोराला द्या. व्याज लिहून घ्यायला विसरू नका, मुंबईत आहात.