दिनविशेष : २८ ऑक्टोबर

बंगालमधील सशस्त्र क्रांतिकारकांच्या वर्तुळातून पुढे आलेले आणि १९२० मध्ये ताश्कंद येथे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत सहभागी झालेले अवनी मुखर्जी यांना १९३७ मध्ये आजच्या दिवशी सोव्हिएत संघात गोळ्या घालून ठार करण्यात आले. जबलपूर येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या मुखर्जींना कलकत्त्याच्या क्रांतिकारकांनी पहिल्या महायुद्धात शस्त्रांच्या व्यवस्थेसाठी जपानला पाठविले होते. परतीच्या वाटेवर १९१५ मध्ये ते सिंगापूरला पकडले गेले, आणि त्यांच्याजवळ सापडलेल्या वहीतील नावांमुळे सहकाऱ्यांच्या मनात निर्माण झालेला संशय पुढेही पुरता मिटला नाही. तेथून निसटून ते कॉमिन्टर्नच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, १९२० मधील दुसऱ्या अधिवेशनास उपस्थित राहिले. मात्र ताश्कंदच्या पक्षाचे सहसंस्थापक मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्यांचे लवकरच बिनसले. १९२२ मध्ये ते गुप्तपणे भारतात येऊन गेले आणि नंतर सोव्हिएत संघात भारतविषयक संशोधनात रमले. लाल सेनेचे मार्शल तुखाचेव्हस्की यांना ज्या वर्षी देहदंड झाला, त्याच वर्षीच्या स्टालिनकालीन धरपकडीत हा निरुपद्रवी अभ्यासकही सापडला. स्टालिनच्या मृत्यूनंतर सोव्हिएत शासनाने त्यांना निर्दोष ठरविले.