शिदोरी सोबत होती, तरी पोरं उपाशी झोपली

किर्लोस्करवाडी स्टेशनवरून पुण्याकडे जाणारी गाडी धरली की ताकारी, शेणोली, कराड मागे टाकत ती मसूरला येते. पलूस भागातली आपण माणसं या मार्गाने कितीदा तरी ये-जा करतो. मसूर आलं की मला १९०१ साल आठवतं.

त्या वर्षी सुभेदार रामजी गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात माणसं मरत होती, त्यांना काम मिळावं म्हणून खटाव तालुक्यात सरकार तलाव बांधत होतं. त्या कामावर त्यांची नेमणूक होती. सुट्टीत वडिलांना भेटायला लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून निघाली आणि मसूरला उतरली. येतो म्हणून धाडलेलं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं. त्यामुळे घ्यायला कोणी आलं नाही. मुलं महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना, मुलांनीच बैलगाडी हाकली. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. सोबत आत्याने दिलेली भरपूर शिदोरी होती, पोटात भूक होती, पण पाण्याचा थेंब नव्हता. पोरं तशीच उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती अस्पृश्यतेचा दाखला म्हणून भाषणात सांगतो. पण आज मला ती कुपोषणाबद्दल बोलताना सांगायची आहे. कारण कुपोषण म्हटलं की अधिकारी, डॉक्टर आणि आपल्यातलेही शिकलेले लोक एकच वाक्य बोलतात, "या लोकांना खायचं कसं ते कळत नाही." मसूरच्या त्या रात्री मुलांना कळत नव्हतं का? अन्न टोपलीत होतं. ते पोटात जायच्या आड जात आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या वस्तीतल्या लेकराचं वजन आणि उंची हा इतिहासाचा हिशेब आहे. तो तीन ठिकाणी तपासता येतो: पाण्यात, ताटात आणि आईच्या पोटात. या तिन्ही ठिकाणी बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी बोट ठेवलं होतं.

पहिलं पाणी. मूल फक्त कमी खाल्ल्याने खुरटत नाही. घाण पाण्याने वारंवार जुलाब झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही, भूक मरते, आणि अशक्त मूल पुन्हा आजारी पडतं. हे चक्र बालकांच्या आरोग्याचं काम करणारा कोणीही सांगेल. मग गावचा चांगला पाणवठा पिढ्यानपिढ्या ज्यांना बंद होता, त्यांच्या लेकरांचं काय झालं असेल? म्हणून २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह हा माणुसकीच्या हक्काचा लढा होता, तसाच तो लेकरांच्या जिवाचाही लढा होता.

दुसरं ताट. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यात जेवावं, अन्नासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं, असा नियम घातला आहे. आपल्याकडे हाच नियम वतनाच्या रूपाने चालला. रात्रंदिवस गावकी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं आणि मोबदल्यात दारोदार भाकरी मागायची. आपल्याच जिल्ह्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात तराळाच्या पोटी जन्मले. 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनात त्यांनी ते जिणं मांडलं आहे. भाकरी मागून आणणाऱ्या घरात लेकराला काय द्यायचं हे आई ठरवू शकत नव्हती. गाव जे टाकील, जेव्हा टाकील, तेच ताटात. ताजं दूध, तूप, डाळ ही वाड्याची वस्तू, उरलेलं आणि विटलेलं ही वस्तीची.

महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मृतमांस सोडा, उष्टं-शिळं मागून खाऊ नका. लोकांनी ते ऐकलं आणि त्याची किंमतही मोजली. गावोगाव बहिष्कार पडले, मार खाल्ला. अशा वेळी पोरांच्या पोटाला चिमटा बसला असणारच. तरी आपल्या आज्या-पणज्यांनी माघार घेतली नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं, पण वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. मृतमांस सोडा याचा अर्थ शाकाहारी व्हा असा नव्हता. नकार मेलेल्या ढोराला आणि त्यातून येणाऱ्या लाचारीला होता. ताजं मटण, मासे, अंडी यांना नव्हता. हा फरक आज का महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच.

तिसरं आईचं पोट. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. आज डॉक्टर 'पहिले एक हजार दिवस' म्हणतात, म्हणजे गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचा काळ. या दिवसांत जे खुरटलं ते पुढे भरून काढणं फार अवघड जातं. आई राबत असेल, रक्त कमी असेल, तर मूल जन्मतःच कमी वजनाचं येतं. बाबासाहेब १९२८ साली हीच वाट बांधत होते.

आता कोणी म्हणेल, "आपली माणसं मुळातच बारकी, रक्तातच ते." हा विचार आपल्याही तोंडी बसला आहे, म्हणून त्याचा समाचार घेऊ. नाकाची मापं घेऊन वंश ठरवणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात त्यांच्याच मापांनी उत्तर दिलं. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवून दिलं. उंचीच्या बाबतीत तसंच उत्तर २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं तपासली. आईचं दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि उपचार मिळालेली सगळी मुलं जवळपास सारखीच वाढली. म्हणजे खुरटेपण रक्तात नाही, व्यवस्थेत आहे.

आकडे तेच बोलतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. देशपातळीवर अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण सुमारे ३९ आहे, तर अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी सोडून उरलेल्या 'इतर' गटात सुमारे ३०.

आणि ताटाचं राजकारण अजून संपलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा सरकारी निधी बंद झाला, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. भेसळ करता येत नाही, पातळ करता येत नाही, मोजून हातात द्यावं लागतं. गरिबाच्या पोराला यापेक्षा स्वस्त आणि सोपं काय आहे? ज्याच्या घरी रोज दूध-तूप आहे त्याच्या सोवळ्यासाठी आपल्या लेकराने अंडं का सोडायचं? न खाणाऱ्याला केळं होतंच की!

आपल्या पलूसकडे बघा. कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस, द्राक्षं, दुधाच्या डेअऱ्या. याच सुपीक पट्ट्यात गाळप हंगामात दुष्काळी भागातून तोडकरी येतात, कोपी टाकून राहतात. पहाटे आई फडात जाते आणि तान्हं बांधावर उसाच्या पाचटात झोपतं. तिला ना प्रसूती रजा, ना विश्रांती. गावाकडच्या अंगणवाडीत नाव आहे, पण मूल इथे आहे. दूध, साखर आणि द्राक्षं गाडीत भरून बाहेर जातात, आणि ती पिकवणाऱ्या, तोडणाऱ्या हातांची पोरं चहात बुडवलेल्या बटरवर दिवस काढतात.

आपल्या घरातही डोकावू. पाच रुपयांचं चटकमटक पाकीट आणि काळा चहा हा लेकराचा नाश्ता नव्हे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, त्यानंतर घट्ट डाळ-भात, डाळीत कुस्करलेली ज्वारी-बाजरीची भाकरी, अंडं, शेंगदाणे कुटून, पालेभाजी, थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा. गरोदर सुनेला शेवटी उरलेलं नको, आधी वाढा. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतला थोडा हिस्सा इकडे वळवला तर कुणाचा बाबासाहेब छोटा होणार नाही.

पण घरच्या सुधारणेने सरकार सुटत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सुरुवातीला सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, गरोदर आणि स्तनदा आईला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं देणं बंधनकारक केलं होतं. ही खिरापत नव्हे, हक्क आहे. म्हणून तरुणांनो, आपल्या अंगणवाडीत जा. वाढीचा तक्ता मागा. दंडाच्या पट्टीने मोजमाप होतं का पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोडकऱ्यांच्या कोपीवरची मुलं आपल्या गावच्या अंगणवाडीत घ्यायला लावा. शाळेत अंडं परत सुरू करा, असा ठराव ग्रामसभेत मांडा.

मसूरच्या वाटेवर उपाशी झोपलेल्या त्या पोराने पुढे देशाचं संविधान लिहिलं. आज फडाच्या बांधावर झोपलेल्या पोराच्या मेंदूत काय दडलं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. त्याला पोटभर खायला मिळालं तरच ते कळेल.

जयभीम!