उचल कोणाच्या नावावर?

आम्ही खडवलीकडच्या बचत गटांतल्या बाया. आज बोलायचं आहे उचलीबद्दल.

दिवाळी सरली की वाडीवरची कातकरी घरं बंद होतात. माणसं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मालकाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात. सहा महिने राबूनही ते फिटत नाहीत, पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहावं लागतं. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात नवी नाही.

२०१४ साली पालघर वेगळं झालं, त्याआधी आपला ठाणे जिल्हा डहाणू-तलासरीपर्यंत होता. तिकडे आदिवासी मुलगा लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडेच राबायचा. त्याला म्हणत लग्नगडी. कर्ज त्याच्या नावावर, पण त्याच्या मागे बायकोही राबायची. लग्न करून ती घरात येत नव्हती, कर्जात येत होती.

१९३०च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सगळ्याची सरकारसाठी पाहणी केली आणि अहवालात लग्नगड्यांची हकिगत लिहिली. अहवाल इंग्रजीत. ज्यांच्याबद्दल लिहिला, त्यांच्या हातात तो कधी पडलाच नाही. लग्नगडी होते तिथेच राहिले.

मग जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारच्या स्टेशनावर, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हटलं की आपल्याला गणपतीच आठवतो, पण हेही आठवावं. उंबरगावकडचे काही वारली तिथे आले होते, त्यांत माह्या धांगडा होता. त्यांनी आपली दशा स्वतःच्या तोंडाने सांगितली. ते ऐकून गोदावरी परुळेकर त्या भागात गेल्या, पाड्यांवर राहिल्या. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि ठरलं, वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. पण लग्नगडी सुटले. अहवालाने जे झालं नव्हतं, ते या सभेने झालं.

पुढे १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा आला. असं कर्ज रद्द, माणूस मोकळा. अडचण एवढीच की तो वेठबिगार आहे हे आधी अधिकाऱ्याने मान्य करायला हवं. १९७८-७९ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी दहा राज्यांत पाहणी केली, तेव्हा अंदाज निघाला २६ लाख वेठबिगारांचा. राज्य सरकारांचे आकडे याच्या जवळपासही नव्हते. मोजायलाच कोणी जात नव्हतं, मग सापडणार कसे?

आपल्या जिल्ह्यात ते काम विधायक संसद या संस्थेने हाती घेतलं. १९७९ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी ती सुरू केली, आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. वसई तालुक्यातून सुरुवात झाली. कायद्याला माहिती लागते ती साधीच. किती रुपये घेतले, बदल्यात कोण राबतं, मजुरी काय मिळते, दुसरीकडे कामाला जायची मोकळीक आहे का. माहिती एका हातात आणि संघटना दुसऱ्या, अशी ही रीत. १९३९च्या आसपास नुसता कागद होता, १९४५ साली नुसती माणसं होती. इथे दोन्ही एकत्र आले. म्हणून आम्हाला ही रीत जास्त टिकाऊ वाटते. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी संस्थेने पंडित दांपत्याचा सन्मान केला.

पण काम संपलं असं म्हणू नका. कसारा घाट चढून गेलं की इगतपुरी. तिथल्या कातकरी मुलांना थोड्याशा पैशांवर मेंढ्या राखायला पाठवलं जात होतं, हे २०२२ साली उघड झालं, तेही एक लहान मुलगी गेल्यावर.

आता आपल्या कामाचं. या कायद्यात एक चांगलं कलम आहे: हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. आणि २०१६च्या पुनर्वसन योजनेत सुटका झालेल्या पुरुषाला १ लाख, तर बाईला २ लाख रुपयांची तरतूद आहे. पूर्ण रक्कम मालकाचा गुन्हा कोर्टात शाबीत झाल्यावरच मिळते, हेही सांगून ठेवतो. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे, ती जोडीला मिळून. माती कालवते ती, विटा थापते ती, आणि हिशोबाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. कागदावर ती भट्टीवर गेलेलीच नसते. मग २ लाख मागायचे कोणी?

म्हणून आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला घेतलं आहे. कोण निघालं, कोणत्या भट्टीवर, उचल किती आणि कोणासमोर घेतली, बरोबर मुलं किती. बाईचं नाव वेगळ्या रकान्यात, तिच्या स्वतःच्या नावाने, अमक्याची बायको म्हणून नाही. परतल्यावर किती फिटले तेही तिथेच. काही घरच्या पुरुषांनी विचारलं, हे कशाला? आम्ही म्हटलं, बचतीचा हिशोब लिहितो तसा हाही.

यंदा दिवाळीच्या आधीच्या बैठकीला आम्ही वही घेऊन वाडीवर येतो आहोत. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल.