वारापासून चुलीपर्यंत

शिकण्यासाठी गाव सोडलेल्या मुलाचे पोट पूर्वी दुसऱ्याच्या दारावर अवलंबून असे. गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, नाहीतर सात घरी वार लावून जेवत. जातीमुळे ज्यांना तेही दार बंद होते, त्यांचे शिक्षण तिथेच खुंटे.

आम्हा बेळगावकरांच्या शेजारी, कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१पासून वसतिगृहे उभी राहिली. मुलांची सोय झाली. पण बहुतेक वसतिगृहे एकेका समाजाची होती, त्यामुळे चुलीही वेगळ्याच राहिल्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले स्वतः स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. मुष्टिफंडातून घरोघरचे मूठमूठ धान्य येई. ते पुरेनासे झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

भाकरी थापता येणाऱ्या त्या मुलांना कोणाच्या दाराकडे पाहावे लागले नाही, आणि कोणाच्या हातचे खावे हा प्रश्नही तव्यावरच मिटला.

आज आम्ही मुलांना पुण्या-बंगळुरूला पाठवतो आणि मेस शोधून देतो. मुलींना चार पदार्थ शिकवतो, मुलग्यांना मात्र क्वचितच. यंदाच्या महाप्रसादाला कॉलेजची मुले नुसती वाढायला नकोत. त्यांना चुलीपाशीही बोलावू या.