रहीम, सय्यद अब्दुल

(१७ ऑगस्ट १९०९ – ११ जून १९६३). हैदराबाद सिटी पोलिस या फुटबॉल संघाचे जडणघडणीच्या काळातील प्रशिक्षक, भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक व व्यवस्थापक; पेशाने शाळाशिक्षक. जन्म हैदराबाद येथे. खेळाडूंमध्ये ‘रहीमसाब’ या नावाने ओळखले जात.

रहीम यांची कारकीर्द ज्या हैदराबाद राज्यात घडली, त्यात १९५६ पर्यंत मराठवाड्याचाही समावेश होता. मराठवाड्याच्या क्रीडा-इतिहासात रहीम यांना परके मानता येणार नाही, म्हणून ही नोंद.

शिक्षण व अध्यापन : त्या काळी उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी बी.ए. केले. विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे हैदराबादच्या कमर क्लबकडून ते खेळले. काचीगुडा माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल-उलूम हायस्कूल व चादरघाट हायस्कूल या शाळांत त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळेतील खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्या चरित्रात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः रहीम यांचे प्रशिक्षण समजून घ्यायचे तर शिक्षक रहीमपासूनच सुरुवात करावी लागते.

याचा उत्तम दाखला म्हणजे त्यांनी मुलांसाठी भरवलेल्या स्पर्धा. एका प्रकारात चेंडू घेऊन पळण्यास, म्हणजे ड्रिब्लिंगला, सक्त मनाई असे. चेंडू पायाशी आला की तो लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. त्यासाठी आपला गडी कुठे उभा आहे हे चेंडू येण्याआधीच हेरून ठेवावे लागे. दुसऱ्या प्रकारात मुलाने आपल्या कमजोर पायानेच खेळायचे; उजव्या पायाच्या मुलाला डावा पाय वापरल्यावाचून गत्यंतर नसे. कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळी स्पर्धा असे, त्यामुळे अंगापिंडाने लहान पण चपळ मुलगा मागे पडत नसे. उणीव हेरायची आणि नेमका तिच्यावरच सराव करून घ्यायचा, ही शाळामास्तरांची रीत त्यांनी मैदानावर आणली. तोपर्यंतचा खेळ एकेकट्याच्या कसरतींवर आणि लांब टोल्यांवर विसंबलेला होता. हैदराबादचा आखूड, झटपट पासांचा खेळ या मुलांमधून तयार झाला.

हैदराबाद सिटी पोलिस : १९४३ च्या सुमारास रहीम हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. पोलिस संघाची सूत्रे त्यांच्याकडे केव्हा आली याबाबत १९४३ आणि १९५० अशी दोन वर्षे दिली जातात. संघाचा भरभराटीचा काळ मात्र निःसंशय १९५० पासूनचा. त्या वर्षी ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानशी २–२ अशी बरोबरी झाली आणि फेरसामना पोलिस संघाने १–० असा जिंकला. मुंबईचा रोव्हर्स करंडक त्यांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम हे हैदराबादी खेळाडू रहीम यांच्या हाताखाली भारतीय संघात खेळले.

भारतीय संघ : रहीम प्रशिक्षक असताना १९५१ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणला १–० असे नमवून सुवर्णपदक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १–१० असा पराभव. काही खेळाडू अनवाणी खेळले होते. हा पराभव रहीम यांनी मनावर घेतला आणि आघाडीच्या रचनेत बदल केले. मध्य आघाडीवीराला मागे खेचून खेळवण्याचा प्रयोग त्यांनी हंगेरीच्या राष्ट्रीय संघाआधी केला, असा दावा केला जातो.

नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झालेल्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली. भारताला चौथे स्थान मिळाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी रहीम कर्करोगाने आजारी होते. दक्षिण कोरियाने साखळीत भारताला २–० असे हरवले होते. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा त्याला बसवण्याऐवजी रहीम यांनी आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात याच कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी गोल केले. भारत २–१ असा जिंकला. सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे सांगितले जाते.

कुटुंब : पुत्र सय्यद शाहीद हकीम (१९३९–२०२१) रोम ऑलिंपिकच्या संघात होते, हवाई दलात अधिकारी, पुढे आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक, ध्यानचंद पुरस्कार (२०१७).

चित्रपट : रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ (हिंदी, २०२४).

रहीम यांच्या निधनानंतर भारतीय पुरुष फुटबॉल संघाला आशियाई क्रीडा स्पर्धेत एकच पदक मिळाले, १९७० चे कांस्य. त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हैदराबादचेच.